प्रकृती आणि गुण : रुग्णसेवेतील माणसांची पारख



ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या पुण्यस्मृतीस प्रथम अभिवादन करतो. बारडोलीत मराठीतून बोलावयाचे म्हणून मी थोडा संकोचलो होतो. पण तो संकोच इथे येताच मावळला. या तालुक्याच्या भोवताली एके काळी गायकवाडी मुलूख पसरलेला होता, सोनगडचा किल्ला इथून फार लांब नाही, आणि 1 मे 1960 पर्यंत आपण सारे एकाच मुंबई राज्याचे रहिवासी होतो. तेव्हा परक्या मुलखात आल्याची भावना मनात धरण्याचे कारण नाही.

आजचा विषय एका साहित्याच्या अध्यापकाने का निवडला, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. त्याचे कारण घरगुती आहे. माझा एक पुतण्या महाराष्ट्रातील एका मध्यम शहरात लहानसे रुग्णालय चालवतो. चौदा माणसांचा कर्मचारीवर्ग. स्वागतकक्षातली मुलगी आणि वरिष्ठ सिस्टर यांच्यात नित्य खटके उडत, निरोप मध्येच हरवत, आणि दोष कोणाचा हे ठरवण्यातच सकाळ निघून जाई. कोणाच्या तरी सल्ल्यावरून पुतण्याने एका प्रशिक्षकास बोलावले. त्यांनी सर्वांकडून प्रश्नावली भरून घेतली आणि प्रत्येकाच्या व्यक्तिमत्त्वाचा 'प्रकार' काढून दिला. अमका बहिर्मुख, तमकी अंतर्मुख. हा विचाराने निर्णय घेणारा, ती भावनेने. प्रत्येकाच्या नावापुढे चार अक्षरे लावलेला एक रंगीत तक्ता स्वागतकक्षाच्या मागील भिंतीवर झळकू लागला. त्या तक्त्याच्या आधारे कामांची फेरवाटणी झाली, आणि एका अबोल परिचारिकेस 'अंतर्मुख' म्हणून वॉर्डातून काढून औषधांच्या स्टोअरमध्ये बसवण्यात आले.

मी हे ऐकले आणि अस्वस्थ झालो. त्याआधी दोन वर्षे माझी पत्नी खुब्याचे हाड मोडल्याने त्याच रुग्णालयात नऊ रात्री होती. ती स्वभावाने सोसणारी. दुखते का असे विचारले तर 'ठीक आहे' म्हणणारी. डॉक्टरांना ती ठीक वाटे, मलाही वाटे. ही अबोल परिचारिका मात्र रात्री तिच्या उशाशी बसून, ती झोपेत कण्हली त्या वेळा केसपेपरच्या पाठीमागे लिहून ठेवत असे. तिसऱ्या पहाटे तिने पोटरीची सूज पाहिली, डॉक्टरांना उठवून आणले, आणि शिरेत रक्त गोठू लागल्याचे वेळीच ध्यानात आले. ती या नऊ रात्रींत माझ्याशी वीस वाक्येही बोलली नसेल. अशा माणसाला रुग्णापासून दूर नेणारी विद्या कोणती, हे समजून घ्यावे म्हणून मी वाचू लागलो. वाचता वाचता पुष्कळ मागे गेलो.

मागे म्हणजे चरकसंहितेपर्यंत. मी वैद्य नाही. संस्कृताचा एक जुना वाचक या नात्यानेच बोलतो आहे. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे आजची परिचारिका किंवा वॉर्डबॉय. प्रत्येक पादाचे चार, असे एकूण सोळा गुण. वैद्याजवळ शास्त्राचे निर्मळ ज्ञान, पुष्कळ वेळा पाहिलेल्या कर्माचा अनुभव, दक्षता आणि शुचिता हवी. उपस्थात्याजवळ उपचारांची जाण, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता. वैद्य यांत प्रमुख, हे चरक निःसंदिग्धपणे सांगतो. कुंभाराखेरीज माती, दांडा, चाक आणि दोरा यांचा काय उपयोग, असा त्याचा दृष्टान्त आहे. तरीही या दोन याद्या एकमेकींशेजारी ठेवून पाहा. चारांपैकी दोन गुण, दक्षता आणि शुचिता, वैद्य आणि सेवक दोघांना समान आहेत. पदाची उतरंड मान्य करणाऱ्या ग्रंथाने निम्मी कसोटी दोघांना एकच लावली आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातही हेच दोन शब्द दोन्ही ठिकाणी येतात. सुश्रुताची यादी थोडी निराळी. तो परिचारकाकडून बळ मागतो, किळस न येणारे मन मागतो, न थकण्याची शक्ती मागतो. शस्त्रकर्म करणाऱ्याला रुग्णास धरून ठेवणारा माणूस लागत असणार, पू आणि रक्त पाहून मागे न सरणारा लागत असणार, असे आपण समजू शकतो. कामाचे स्वरूप पालटले की हव्या त्या गुणांची यादी पालटते.

चौथा पाद रोगी. त्याला चरक सेवेचा निव्वळ विषय मानत नाही. तो या संघाचा सभासद आहे आणि त्याच्यावरही चार जबाबदाऱ्या आहेत : स्मरण, सांगितलेले ऐकणे, न भिणे, आणि 'ज्ञापकत्व', म्हणजे आपल्याला काय होते आहे ते दुसऱ्याला कळवता येणे. वाग्भटाने रोग्याच्या गुणांत 'आढ्य' हाही शब्द घातला आहे. रोगी श्रीमंत असावा! (वैद्यकीय खर्चाचा प्रश्न आजचाच आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी तो जरूर पाहावा.) माझ्या पत्नीजवळ तीन गुण होते, ज्ञापकत्व नव्हते. एका पादाची ती उणीव दुसऱ्या पादाने भरून काढली.

याच सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात रुग्णगृहाची सिद्धता वर्णिली आहे. घर कसे असावे, त्यात काय काय साठवावे, लावा आणि कपिंजल पक्षी, ससे आणि हरिणे, दुभती गाय, हे सारे आहे. सेवकवर्ग तर मोठा मनोवेधक आहे. वरण-भात रांधणारे वेगळे, आंघोळ घालणारे वेगळे, अंग चेपणारे, रुग्णाला उठवणारे आणि निजवणारे, औषधे वाटणारे. शिवाय गाणे-बजावणे जाणणारे, आणि गाथा, आख्यायिका, इतिहास, पुराणे सांगण्यात कुशल असलेले. आमच्यासारख्या निवृत्त प्राध्यापकांना त्या रुग्णालयात निश्चित नेमणूक मिळाली असती. परंतु थट्टा बाजूला ठेवू. कामांची इतकी बारीक वाटणी करूनही, हे सेवक कोणत्याही कामाला नाही न म्हणणारे असावेत, अशी अपेक्षा तिथे आहे. वाटणी आहे, पण कुंपण नाही.

आता प्रकृतीकडे वळू. वात, पित्त, कफ या प्रकृती आपल्या बोलण्यात इतक्या मुरल्या आहेत की 'माझी पित्ताची प्रकृती' हे वाक्य आयुर्वेद न वाचलेलाही सहज उच्चारतो. चरकाच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, यांची लक्षणे आहेत : वातप्रकृतीचा मनुष्य चपळ, बोलका, लवकर शिकणारा आणि लवकर विसरणारा, पित्ताचा तीक्ष्ण, उष्णता न सोसणारा, भुकेला, कफाचा संथ आणि स्थिर. शारीरस्थानात तर मनाचेही प्रकार आहेत. सात्त्विक सात, राजस सहा, तामस तीन, एकूण सोळा. आजच्या सुप्रसिद्ध अमेरिकन चाचणीतही सोळाच प्रकार निघतात. हा निव्वळ योगायोग आहे आणि त्यावरून 'आमच्याकडे हे सारे आधीच होते' असा डंका पिटण्याचा मोह कृपया कोणी करू नये. विशेष लक्षात घेण्याजोगे निराळेच आहे. ही सोळांची यादी देतानाच ग्रंथकार सांगतो की तरतमभावामुळे यांतील प्रत्येकाचे भेद असंख्य आहेत, मोजता येणार नाहीत. दिले ते दिग्दर्शनापुरते.

आणि इथे मला जे उमगले ते आपल्यापुढे ठेवतो. प्रकृती ही कोणाची पाहावयाची? रोग्याची. विमानस्थानातील दशविध परीक्षेत पहिली परीक्षा प्रकृतीची आहे, आणि तिचा हेतू स्पष्ट आहे : या शरीराला, या मनाला औषध किती सोसेल. प्रकृती गर्भावस्थेतच ठरते. सुश्रुताच्या मते ती आयुष्यभर पालटत नाही, आयुष्य सरलेल्या माणसाचीच पालटते. ती जन्मजात असल्यामुळे वैद्याने तिच्याशी जुळवून घ्यावयाचे असते. उलट वैद्य आणि उपस्थाता यांच्याविषयी बोलताना, वर सांगितलेल्या त्या प्रकरणांत, शब्द येतो तो 'गुण'. उपस्थाता कफप्रकृतीचा निवडावा, वैद्य पित्तप्रकृतीचा असावा, असे तिथे म्हटलेले नाही. उपचारांची जाण शिकून येते, दक्षता सरावाने येते, शुचिता सवयीने येते. अनुरागदेखील सहवासाने येतो, हे कुठल्याही शिक्षकाला विचारा. थोडक्यात, ज्याची सेवा करावयाची त्याची प्रकृती ओळखा, आणि ज्याच्यासह सेवा करावयाची त्याचे गुण पाहा, असा हा भेद आहे. तो ग्रंथकारांनी सूत्र म्हणून मांडलेला नाही. दोन ठिकाणचे शब्द ताडून मी तो काढतो आहे. विद्वान वैद्यांनी माझी चूक दाखवावी.

पाश्चात्त्य परंपरेतही चार रसांवरून चार स्वभाव मानण्याची रूढी ग्रीक वैद्यकापासून होती. आजच्या चाचणीचे मूळ मात्र कार्ल युंग यांच्या 1921 साली जर्मनमध्ये प्रसिद्ध झालेल्या मानसप्रकारांवरील ग्रंथात आहे. बहिर्मुख आणि अंतर्मुख हे शब्द तिथून सर्वत्र गेले. अमेरिकेत कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल ब्रिग्ज मायर्स या मायलेकींनी, दोघीही औपचारिक मानसशास्त्र न शिकलेल्या, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यावरून प्रश्नावली रचली. माणसाला मानवेल ते काम मिळावे आणि माणसांनी एकमेकांना समजून घ्यावे, हा त्यांचा हेतू होता, आणि तो उदात्त होता याविषयी शंका नको. आपल्या विषयाशी निगडित गोष्ट अशी की, मायर्सबाईंनी 1950 नंतरच्या वर्षांत आपली चाचणी मोठ्या प्रमाणावर दिली ती वैद्यकीय विद्यार्थ्यांना. पंचेचाळीस महाविद्यालयांतील पाच हजारांहून अधिक विद्यार्थी त्यांनी तपासले, पुढे परिचारिकांचे शिक्षण घेणाऱ्याही हजारो मुली. म्हणजे दवाखान्यात ही चाचणी आगंतुक म्हणून आलेली नाही; तिच्या बाल्यापासून तिचा दवाखान्याशी घरोबा आहे.

तिच्यावरचे आक्षेपही प्रसिद्ध आहेत. काही आठवड्यांनी पुन्हा उत्तरे घेतली तर पुष्कळांचा प्रकार बदलतो. आणि माणसे दोन टोकांना साचलेली नसून बहुतेक मधल्या भागात असतात. मधोमध रेघ मारली की रेघेच्या अल्याड-पल्याडचे दोन जवळचे शेजारी परस्परविरुद्ध जातीचे ठरतात. चरकाच्या 'तरतमा'ची इथे आठवण येते.

मराठीत माणसांची लक्षणे सांगण्याची हौस कोणाला होती, हे निराळे सांगणे न लगे. समर्थांच्या दासबोधाचा दुसरा दशक मूर्खलक्षणांनी सुरू होतो आणि पढतमूर्खाच्या लक्षणांनी संपतो. मधे उत्तमलक्षणे आहेत, सत्त्व-रज-तम आहेत. विद्यार्थिदशेत आम्ही ती लक्षणे वाचून वर्गातल्या सोबत्यांना लावीत असू, आणि अध्यापक झाल्यावर सहकाऱ्यांना. (पढतमूर्खाची लक्षणे प्राध्यापकांच्या खोलीत विशेष सोयीची पडतात.) पण समर्थांचा रोख तसा नाही. लक्षणे ऐकणाऱ्याने ती स्वतःत शोधावीत, वाईट असतील ती टाकावीत, चांगली असतील ती धरावीत, असा तो आहे. लक्षण हा तिथे आरसा आहे. दुसऱ्याच्या पाठीवर चिकटवण्याची चिठ्ठी नव्हे.

चिठ्ठी चिकटवली म्हणजे काय होते, हे या बारडोलीला मी काय सांगावे? या तालुक्यात एके काळी माणसांचे दोन प्रकार मानले जात : उजळीपरज आणि काळीपरज. चौधरी, गामीत, धोडिया अशा आदिवासी समाजांना सरसकट दुसऱ्या नावाने ओळखत. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात वेडछीच्या परिसरातून जी जागृती झाली तिच्यात 'काळीपरज' टाकून 'रानीपरज' हे नाव आले. दुसरा शब्द याहून बोचरा आहे. पिढ्यानपिढ्या कर्जापायी धन्याच्या शेतावर हाळी म्हणून राबणाऱ्या समाजाचे नावच 'दुबळा' पडले. ज्याच्या श्रमावर या भागाची शेती उभी राहिली, तो दुबळा! पुढे 'हळपती', म्हणजे नांगराचा धनी, हे नाव रूढ झाले. तरी सरकारी यादीत जुना शब्द आजही त्याच्याशेजारी छापलेला आढळतो. परिस्थितीने जे लादले ते स्वभाव म्हणून नावात गोठवायचे, आणि मग त्या नावाकडे बोट दाखवून परिस्थितीचे समर्थन करायचे. रंगीत तक्ता आणि हे नाव यांची तुलना अतिशयोक्त आहे हे मी जाणतो. एकीत पिढ्यांचे पिळवणुकीचे ओझे आहे, दुसरीत एका सोमवारची बैठक. पण नाव माणसाआधी पोचते, ही रीत दोन्हीकडे तीच.

सुरत शहराशी निगडित असे एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. डॉ. रखमाबाई, जन्म 1864, मुंबईच्या मराठी घरातल्या. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे वैद्यक आणि वनस्पतिशास्त्र या दोहोंत नामांकित. बालपणी झालेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदावयास जाण्याचे नाकारले म्हणून 1884 पासून त्यांच्यावर खटला चालला. 1885 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, 1887 मध्ये उलटला. नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात, असा हुकूम झाला, आणि 1888 साली पैसे देऊन प्रकरण मिटले. त्या चार वर्षांत अर्ध्या हिंदुस्थानाने या मुलीचा 'प्रकार' ठरवून टाकला होता : उद्धट, कुलबुडवी, आज्ञा न मानणारी. पुढे कामा रुग्णालयाच्या डॉ. एडिथ पीची यांच्या साहाय्याने त्या इंग्लंडला गेल्या, 1894 मध्ये डॉक्टर झाल्या, आणि 1895 साली सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या. दोन दशकांहून अधिक काळ त्या इथे होत्या; नंतर राजकोटला. आज्ञा न मानणारी म्हणून जिची ख्याती, तिने आयुष्यभर रुग्णालयाची शिस्त सांभाळली आणि सांभाळून घेतली. सुरतेने त्यांना नेमताना तो जुना तक्ता पाहिला असता तर? नेमणाऱ्यांनी पदवी पाहिली, काम पाहिले. दक्षता आणि शुचिता, आपले तेच दोन जुने शब्द.

दुसरे उदाहरण जामखेडचे. तेव्हाच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील या दुष्काळी तालुक्यात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे या दांपत्याने 1970 मध्ये ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प सुरू केला. प्रशिक्षित सहायक परिचारिका गावोगाव ठेवाव्या, असा आरंभीचा बेत होता. तो नीट साधला नाही. मग गावानेच निवडलेल्या बायका पुढे आल्या. बहुतेक निरक्षर, कित्येक दलित, काही टाकलेल्या. कोणत्याही प्रश्नावलीने त्यांना आरोग्यसेवेस योग्य ठरवले नसते. प्रश्नावली वाचताच आली नसती. त्या नियमाने जामखेडला येत, शिकत, आपापल्या गावचे अनुभव एकमेकींना सांगत आणि परतत. सुरक्षित बाळंतपण, लसीकरण, जुलाबावर साखर-मिठाचे पाणी, कुष्ठरोग आणि क्षय यांच्या रुग्णांचा पाठपुरावा, ही कामे त्यांनी अंगावर घेतली. 1979 साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज दोघेही हयात नाहीत; मेबेलताई 2010 मध्ये गेल्या, रजनीकांत 2011 मध्ये. प्रकृती पाहून काम देण्याऐवजी काम देऊन गुण येऊ देणे काय असते, याचा याहून बोलका दाखला मला ठाऊक नाही.

एवढे सारे वाचून आणि टिपणे काढून मी पुतण्याकडे गेलो. मी तावातावाने बोललो, हे कबूल केले पाहिजे. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "काका, तुमचं पटतं. पण त्या चाचणीनं एक काम केलं, ते तुम्ही मोजत नाही." स्वागतकक्षातली मुलगी आणि वरिष्ठ सिस्टर यांचे भांडण खरोखर थांबले होते. एकीला सगळे आधी ठरलेले लागते, दुसरीला ऐनवेळी निर्णय घ्यायची सवय. समोरची आपल्याला मुद्दाम छळत नाही एवढे त्या कागदाने दोघींना सांगितले. 'तू वाईट आहेस' या वाक्याच्या जागी 'तुझी रीत निराळी आहे' हे वाक्य आले. हे थोडे नव्हे, आणि मी ते माझ्या टिपणांत लिहून घेतले. तक्ता मात्र भिंतीवरून उतरवावा, ज्याचा कागद त्याच्याजवळ राहावा, आणि कामाची वाटणी त्यावरून करू नये, हे त्याने मान्य केले.

मग त्या परिचारिकेला बोलावले. वॉर्डात परत येणार का, असे मीच विचारले. उत्तराविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. ती थोडा वेळ गप्प राहिली. म्हणाली, "आठवड्यातून दोन रात्री वॉर्ड द्या सर. पण दिवसा स्टोअर माझ्याकडेच असू द्या. आधी मध्यरात्री सलाइनचा सेट शोधायला पंधरा मिनिटं जायची. आता हात घातला की सापडतो. ते मी कोणाच्या हातात देणार नाही."

चरकाच्या चार पादांत द्रव्य हाही एक पाद आहे, आणि माझ्या सगळ्या टिपणांत त्याच्यासाठी मी एक ओळही राखली नव्हती.